कौले उतरवण्याआधी कागद जमवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातले शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी असो की निपाणी, संकेश्वर, खानापूर, जुने घर विकायचे ठरले की आपल्याकडे आधी गवंडी बोलावला जातो. मंगळुरी कौले उतरवून स्लॅब टाकायचा, परड्यातला संडास आत घ्यायचा, सोप्यातल्या कडाप्प्यावर व्हिट्रिफाइड फरशी बसवायची, वायरिंग नवी करायची, रंग मारायचा आणि मग एजंटाला घर दाखवायचे. किंमत वाढते, यात वाद नाही. या खर्चातला किती भाग भांडवली नफ्यातून, म्हणजे घरविक्रीतल्या करपात्र नफ्यातून, वजा होतो, हा प्रश्न मात्र पुढच्या जुलैत रिटर्न भरताना निघतो. तोवर मेस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो, सिमेंटच्या पावत्यांची शाई उडालेली असते आणि मजुरीचा हिशेब भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला असल्याने रंगाखाली गेलेला असतो.

कर सल्ला आणि मालमत्ता मूल्यांकनाचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंतून मिळणारा सल्ला आयकरापुरता बरोबर असतो, पण त्यातले रेडी रेकनर, इंडेक्स टू हे महाराष्ट्रातले शब्द इथल्या उपनिबंधक कार्यालयात चालत नाहीत. इथे कर्नाटकात गाईडन्स व्हॅल्यू (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेली किंमत), ईसी (मालमत्तेवरच्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला), ई-खाता (शहरी मालमत्तेची ऑनलाइन नोंद) आणि ई-स्वत्तू (ग्रामपंचायत हद्दीतली तशीच नोंद) चालते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. या पत्रात 1961 च्या कायद्यातले क्रमांक दिले आहेत, कारण लोकांच्या आणि बँकांच्या तोंडी अजून तेच आहेत.

मूळ हिशेब अवघड नाही. विक्रीच्या रकमेतून तीन गोष्टी वजा होतात: विक्रीसाठी झालेला खर्च, घर घेतल्याची किंमत आणि सुधारणेचा खर्च. घर 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीचे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. 23 जुलै 2024 पासून त्यावर 12.5 टक्के कर लागतो आणि महागाई निर्देशांकाचा (जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा) लाभ मिळत नाही. मात्र भारतात राहणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल आणि घर 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेले असेल, तर निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी येणारा कर काढून बघता येतो आणि दोन्हींतला कमी असेल तो भरता येतो. दोन्ही करांवर 4 टक्के उपकर आहेच. एकूण उत्पन्न 50 लाखांवर गेले तर अधिभारही लागतो.

विक्रीचा खर्च म्हणजे एजंटाची दलाली, खरेदीपत्राच्या कामाची वकिलाची फी, जाहिरात. घरपट्टी त्यात येत नाही. घरावरचे कर्ज फेडलेली रक्कमही येत नाही. “बँकेचे 14 लाख फेडले, माझ्या हातात काही उरलेच नाही,” हे वाक्य वारंवार कानावर पडते. हातात काय उरले याच्याशी या कराचा संबंध नाही. कर्ज हा घर घेण्यासाठी पैसा उभा करण्याचा मार्ग होता. घराची किंमत खरेदीच्या वेळीच हिशेबात धरलेली असते. कर्जावरचे व्याज घरभाड्याच्या उत्पन्नातून किंवा अन्य वजावटीत एकदा दाखवले असेल, तर ते घराच्या किमतीत पुन्हा मिळवता येत नाही. 2023 च्या दुरुस्तीने ही पळवाट बंद झाली.

खरा घोळ सुधारणेच्या खर्चात होतो. कायद्याच्या भाषेत सुधारणा म्हणजे मालमत्तेत भर घालण्यासाठी किंवा बदल करण्यासाठी केलेला भांडवली स्वरूपाचा खर्च. आहे ते टिकवणे ही दुरुस्ती. नव्हते ते करणे ही सुधारणा. पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलली, दोन वासे बदलले, ओल आलेल्या भिंतीचा गिलावा खरवडून पुन्हा केला, नळ बदलले, रंग मारला, तर ती दुरुस्ती. कौलारू छप्पर काढून स्लॅब टाकला, माडी चढवली, खोली वाढवली, बोअर मारली, कंपाउंड घातले, घरात संडास-न्हाणीघर बांधले, संपूर्ण वायरिंग पाइपात घालून नवे केले, तर ती सुधारणा. मातीच्या किंवा शहाबादी जमिनीवर नवी फरशी घालणे बहुधा सुधारणेत धरले जाते. भिंतीला कायमचे बसवलेले किचन ओटे आणि कपाटे बिल आणि फोटो असतील तर मान्य होतात. सोफा, फ्रिज, सुटा एसी, पडदे कधीच नाही, कारण ते घराबरोबर विकले तरी घराचा भाग नसतात.

अडचण अशी की काम एकत्र होते आणि कंत्राटदार एकाच ओळीत “घर नूतनीकरण, 6,50,000 रुपये” असे बिल देतो. त्यातला रंग किती आणि स्लॅब किती, हे सांगता येत नाही. मग सगळ्यावरच शंका येते. कंत्राटदाराला आधीच सांगावे की बिल कामावार पाहिजे: स्लॅब इतके चौरस फूट, इतका दर; फरशी इतके चौरस फूट; वायरिंग इतके पॉइंट; संडास एक, त्याची भांडी आणि टाकी वेगळी; रंग वेगळा. त्याला यात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. रंगाचे पैसे वजा होणार नाहीत, पण ते वेगळे दाखवल्याने बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

घर भाड्याने दिलेले असेल तर आणखी एक मेख आहे. भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, आणि ती दुरुस्तीसाठीच असते. ती घेऊन पुन्हा तोच डागडुजीचा खर्च विक्रीच्या वेळी दाखवला तर दुहेरी वजावटीचा आक्षेप येतो.

कागद असले आणि नसले तर किती फरक पडतो, हे आकड्यांत बघू. समजा एक घर 2006-07 मध्ये मुद्रांक शुल्कासह 6 लाखांना घेतले. 2014-15 मध्ये 5 लाख खर्चून माडी चढवली. 2019-20 मध्ये 4 लाखांत स्लॅब, बोअर आणि वायरिंग केले. 2025-26 मध्ये ते 48 लाखांना विकले, दलाली 48 हजार. हातात 47,52,000. सगळा खर्च सिद्ध झाला तर निर्देशांकाशिवाय नफा 32,52,000 आणि 12.5 टक्क्यांनी कर 4,06,500. आता निर्देशांक लावू: 2006-07 चा 122, 2014-15 चा 240, 2019-20 चा 289 आणि 2025-26 चा 376. सहा लाखांचे 18,49,180 होतात, पाच लाखांचे 7,83,333, चार लाखांचे 5,20,415. नफा उरतो 15,99,072 आणि 20 टक्क्यांनी कर 3,19,814. म्हणजे निर्देशांकाची जुनी पद्धत फायद्याची.

आता माडी आणि स्लॅबची बिले नाहीत असे धरा. निर्देशांक लावून नफा 29,02,820, कर 5,80,564. न लावता नफा 41,52,000, कर 5,19,000. आता नवी पद्धत स्वस्त पडते, तरीही कर पहिल्यापेक्षा 1,99,186 रुपयांनी जास्त. उपकर धरला तर दोन लाख सात हजार. नऊ लाखांच्या कामाचे कागद हरवण्याची ही किंमत आहे. इथे 12.5 की 20 हे कोणत्याही तक्त्यावरून सांगता येत नाही. सुधारणेचा किती खर्च सिद्ध होतो यावर उत्तर पालटते. म्हणून “नवी पद्धतच बरी” किंवा “जुनीच बरी” असे छातीठोक सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाही.

याची दुसरी बाजूही आहे. घर विकायच्याच वर्षी केलेल्या सुधारणेला निर्देशांकाचा काहीच फायदा नसतो, कारण सुधारणेचे वर्ष आणि विक्रीचे वर्ष एकच. एक लाखाच्या सुधारणेने कर वाचतो तो 13,000 किंवा फार तर 20,800 रुपये, उपकर धरून. तेव्हा कर वाचवण्यासाठी विक्रीच्या तोंडावर घरात पैसा ओतण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक स्लॅबसाठी जास्त मोजणार असेल तरच स्लॅब टाकावा. खडेबाजारासारख्या दाटीच्या ठिकाणी घेणारा बहुतेक वेळा जागेसाठी घेतो आणि महिनाभरात सगळे पाडतो. तिथे नवी फरशी म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा.

पुरावा म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण इथेच लोक हताश होऊन दावा सोडून देतात. रोखीने केलेला सुधारणेचा खर्च वजाच होत नाही, असे कायदा म्हणत नाही. पण रोख दिली असेल तर ती कुठून आली आणि कुणाला गेली, हे अधिकारी विचारतो. बँकेतून काढलेल्या रकमेची तारीख आणि कामाची तारीख जुळली तर निम्मे काम झाले. सिमेंट, सळई, विटा, फरशी, वायर यांची जीएसटी क्रमांकाची बिले घ्यावीत. “कच्च्या बिलावर दोन टक्के कमी” हा दुकानदाराचा मोह टाळावा. मजुरीसाठी साधी वही पुरते: तारीख, नाव, काम, रोजंदारी, सही. गवंड्याला शक्य तेवढे पैसे यूपीआयने द्यावेत. महापालिका किंवा नगरपालिकेची बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, काम पूर्ण झाल्यावर वाढलेली घरपट्टी, घरदुरुस्ती कर्ज असेल तर बँकेचे हप्त्यावार वाटपपत्र, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरचा वाढवलेला भार, बोअरच्या खोलीची पावती, हे सगळे त्याच घटनेचे वेगवेगळे साक्षीदार आहेत. मोबाइलवर कामाआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवावेत. फोटोत तारीख आपोआप राहते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना ती निघून जाते, म्हणून मूळ फाइल जपावी.

जुन्या कामाची बिले खरोखरच नसतील तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल हा शेवटचा आधार. तो आजच्या घराची पाहणी करून, स्लॅबचे क्षेत्र मोजून, त्या वर्षीच्या दराने खर्चाचा अंदाज देतो. पण अंदाज हा अंदाज असतो; अहवालाबरोबर वाढीव घरपट्टी किंवा परवानगीसारखा एखादा सरकारी कागद असला तरच तो टिकतो. माडी चढवूनही घरपट्टीच्या स्वयंमूल्यांकनात फक्त तळमजला दाखवत राहणे ही आपल्याकडची जुनी खोड. दरवर्षी काही शे रुपये वाचतात. विक्रीच्या वेळी मात्र माडी 2014 मध्ये बांधली, हे सांगायला एकही सरकारी कागद उरत नाही, आणि ई-खात्यात नसलेली माडी खरेदीपत्रात आणायची कशी, हा वेगळा गुंता होतो.

आपल्या भागाची आणखी एक अडचण म्हणजे भाषा. आजोबांचे खरेदीपत्र मराठीत, काहींचे मोडीत; 1956 नंतरचे बरेच व्यवहार कन्नडमध्ये; आधार आणि पॅनवर नाव इंग्रजीत, आणि तीन ठिकाणी तीन स्पेलिंगे. आयकराची चौकशी आता ऑनलाइन, चेहरा न दाखवता होते. तुमचे कागद वाचणारा अधिकारी कुठल्या शहरात बसलेला आहे हे तुम्हाला कळत नाही, आणि त्याला मराठीही येईल आणि कन्नडही, अशी आशा धरू नये. म्हणून खरेदीपत्र, वाटणीपत्र, घरपट्टीची नोंद यांची इंग्रजी भाषांतरे आधीच करून, मूळ प्रतीसोबत एकाच पीडीएफमध्ये ठेवावीत. नावांतला फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. नोटिशीला उत्तर द्यायला मिळणाऱ्या थोड्या दिवसांत मोडी वाचणारा शोधत फिरण्यापेक्षा हे बरे.

वारसाने आलेल्या घराबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. “आम्ही घेतलेच नाही, मग किंमत शून्य,” असे म्हणून काही जण सगळ्या रकमेवर कर भरतात. दुसरे काही “वडिलोपार्जित आहे, कर लागत नाही” म्हणून काहीच भरत नाहीत. दोन्ही चूक. ज्याने ते घर खरोखर विकत घेतले किंवा बांधले, त्याची किंमत ती तुमची किंमत. त्याच्या मालकीचा काळही तुमच्या काळात मोजला जातो. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचे असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. आजोबांनी 1970 च्या दशकात बांधताना किती खर्च केला हे तेव्हा गौण ठरते. 2001 ची किंमत 4 लाख धरली, तर 2025-26 मध्ये निर्देशांकाने तिचे 15,04,000 होतात. पण तिला एक झाकण आहे: त्या तारखेची मुद्रांक शुल्कासाठीची किंमत उपलब्ध असेल, तर बाजारभाव त्याहून जास्त धरता येत नाही. म्हणून मूल्यांककाने मोठा आकडा लिहून दिला म्हणून हुरळून जाऊ नये. 2001 च्या वेळच्या गाईडन्स व्हॅल्यूची प्रत उपनिबंधक कार्यालयातून मागून अहवालाला जोडावी. आणि 2001 पूर्वी केलेली सुधारणा वेगळी वजा होत नाही, कारण ती त्या दिवसाच्या किमतीत मिळालेलीच असते. 1995 मध्ये टाकलेल्या स्लॅबची बिले जपून ठेवलेल्यांना हे सांगताना वाईट वाटते.

वारसांत बहिणी असतात. कर्नाटकात 1994 च्या दुरुस्तीनेच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा मिळाला, नंतर 2005 मध्ये देशभर. त्यामुळे खरेदीपत्रावर बहिणींची सही घेतली जाते, पण पैसे भावांच्या खात्यात जातात. 30 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहाराची माहिती उपनिबंधक कार्यालयातून आयकर खात्याकडे जाते आणि ती प्रत्येक विक्रेत्याच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात) दिसते. मग शिनोळीला किंवा कोल्हापूरला नांदणाऱ्या, कधी रिटर्न न भरलेल्या बहिणीला नोटीस येते. बहिणीला खरोखर हिस्सा सोडायचा असेल तर विक्रीच्या आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. सोडायचा नसेल तर तिचा हिस्सा तिच्या खात्यात द्यावा आणि तिचे रिटर्न भरावे. यात तिचाही फायदा असतो. प्रत्येक सहमालक स्वतःच्या हिश्शाचा नफा काढतो, सवलती स्वतंत्रपणे घेतो, आणि निवासी व्यक्तीचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असेल तर उरलेली मर्यादा या नफ्यातून वजा होते. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी ती मर्यादा 4 लाख आहे. कलम 87 अ ची सूट मात्र नव्या प्रणालीत या नफ्यावरच्या कराला मिळत नाही. “12 लाखांपर्यंत कर नाही” ही जाहिरात इथे लागू करू नये.

“गावातले घर आहे, शेतजमिनीसारखे करमुक्त,” हा आणखी एक समज. ग्रामीण शेतजमिनीला सवलत आहे, ती जमीन शेतीची असल्यामुळे. गावठाणातले घर, मग ते खानापूर तालुक्याच्या टोकाला चिऱ्याच्या भिंतींचे असले तरी, भांडवली मालमत्ताच आहे.

जुने घर पूर्ण पाडून नवे बांधले आणि दोन वर्षांच्या आत विकले, तर सुधारणा हा शब्दच बाजूला पडतो. जागा जुनी आणि इमारत नवी, असे दोन भाग वेगळे धरता येतात, हे कर्नाटक उच्च न्यायालयानेही मान्य केलेले आहे. मग जागेचा नफा दीर्घ मुदतीचा आणि इमारतीचा अल्प मुदतीचा होतो. अल्प मुदतीच्या नफ्यावर नेहमीच्या टप्प्यांच्या दराने कर आणि कलम 54 ची सवलत नाही. छप्पर बदलणे, खोली वाढवणे यांनी 24 महिन्यांचा काळ पुन्हा सुरू होत नाही. पाया तोच ठेवून तीन भिंती पाडल्या, तर ते कुठल्या बाजूला पडते, हे परवानगीवर लिहिलेल्या शब्दावर बरेच अवलंबून असते. अर्जात “पुनर्बांधणी” लिहायचे की “फेरबदल व वाढीव बांधकाम”, हे अर्ज करायच्या आधी विचारून घ्यावे. अर्थात जे केले तेच लिहावे.

आता खरेदीपत्रातल्या रकमेबद्दल. कर्नाटकात ऑक्टोबर 2023 पासून गाईडन्स व्हॅल्यू सुधारल्या गेल्या आणि नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून 1 टक्क्यावरून 2 टक्के झाले. खर्च वाढला की पत्रात रक्कम कमी लिहिण्याचा आग्रह वाढतो. कलम 50 क प्रमाणे गाईडन्स व्हॅल्यू विक्री रकमेच्या 110 टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर विक्री त्या व्हॅल्यूला झाली असे धरून कर लागतो. पत्रात 40 लाख आणि व्हॅल्यू 43 लाख, तर 40 लाखच धरले जातात. व्हॅल्यू 46 लाख असेल तर 46. घेणाऱ्यालाही फरकावर कर बसतो. विसारपत्राच्या दिवशी व्हॅल्यू कमी होती आणि विसार त्या दिवशी किंवा आधी बँकेतून घेतला असेल, तर त्या दिवसाची किंमत धरता येते. विसार रोख घेतला की हा हक्क जातो. शिवाय घरविक्रीचे 20,000 किंवा त्याहून जास्त रुपये रोखीने घेणे कलम 269 एसएसने मना आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. वरचे पैसे रोखीत घेऊन त्यातून नवे घर घेणाऱ्याला त्या भागावर कुठलीही सवलत दाखवता येत नाही. घर जीर्ण असल्यामुळे, वाटेचा वाद असल्यामुळे किंवा भाडेकरू बसल्यामुळे व्हॅल्यू खरोखरच जास्त असेल, तर प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवावे, असे आयकर अधिकाऱ्याला सांगता येते. तशी लेखी मागणी करावी लागते, आपोआप होत नाही.

किंमत किंवा व्हॅल्यू 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो. विक्रेत्याने 26 एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात) तो दिसतो का, हे महिन्याभरात बघावे. खरेदीदाराने फॉर्म 26 क्यूबीत (हा टीडीएस भरण्याच्या फॉर्ममध्ये) चुकीचा पॅन टाकल्याची उदाहरणे थोडी नाहीत. विकणारा मुलगा परदेशात स्थायिक असेल तर टीडीएस पूर्ण विक्री रकमेवर, मोठ्या दराने कापला जातो आणि निर्देशांकाचा पर्यायही मिळत नाही. त्याने खरेदीपत्राआधी फॉर्म 13 वर कमी कपातीचा दाखला काढावा. नंतर परताव्याची वाट बघत बसणे महागात पडते.

कर वाचवण्याच्या वाटांत कलम 54 सर्वांना माहीत आहे, पण अर्धे. घर विकून भारतातच दुसरे राहते घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. बेळगावचे विकून कोल्हापुरात घेतले तरी चालते. नफा 2 कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरे घेता येतात. नवे घर विक्रेत्याच्या नावावर घ्यावे. बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर घेतलेल्या घराबद्दल न्यायालयांची मते एक नाहीत, उगीच प्रयोग कशाला करायचा? तीन वर्षांत ते विकले तर वाचवलेला कर परत बसतो. आणि मुख्य गैरसमज: आपल्याच मालकीचे गावचे जुने घर या पैशातून नीट केले, तर ते “खरेदी” नाही आणि “बांधकाम”ही नाही. गावठाणातल्या रिकाम्या जागेवर नवे घर बांधले तर चालते; त्यासाठी ग्रामपंचायतीची परवानगी आणि ई-स्वत्तूचे फॉर्म 9 व 11 हाताशी ठेवावेत. नव्याने विकत घेतलेले घर राहण्याजोगे करायला लागलेला खर्च न्यायाधिकरणांनी मान्य केलेला आहे, पण राहण्याजोगे करणे आणि चैनीचे करणे यात फरक आहे.

पैसा लगेच गुंतवला जात नसेल, तर रिटर्नच्या मुदतीपूर्वी, म्हणजे साधारण 31 जुलैपर्यंत, न वापरलेला नफा 1988 च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवावा लागतो. साध्या मुदत ठेवीत ठेवला तर सवलत गेली, मग पुढे घर बांधले तरी उपयोग नाही. हे खाते बँकेच्या ग्रामीण शाखेत उघडता येत नाही, म्हणून खेड्यातल्या शाखेत खाते असलेल्यांनी बेळगाव किंवा निपाणी शहरातली शाखा गाठावी. काढलेली रक्कम 60 दिवसांत वापरायची असते आणि खाते बंद करायला आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते.

घर नकोच असेल तर कलम 54 ईसीचे रोखे आहेत. विक्रीपासून सहा महिन्यांत, जास्तीत जास्त 50 लाख, पाच वर्षे अडकून. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी अशा सरकारी कंपन्यांचे. व्याज करपात्र, आणि रोख्यावर कर्जही काढता येत नाही. सहा महिने खरेदीपत्राच्या तारखेपासून मोजावेत. वयस्कर विक्रेत्यांना, ज्यांना पुन्हा बांधकामाच्या भानगडीत पडायचे नाही, आम्ही बहुधा हेच सुचवतो.

या व्यवहारासाठी आयटीआर-1 नव्हे, आयटीआर-2 भरायचा असतो. खरेदीदाराचे नाव, पॅन, हिस्सा आणि घराचा पत्ता त्यात लिहावा लागतो. बिले रिटर्नला जोडायची नसतात, म्हणून ती टाकून द्यायची असेही नाही.

आपल्या वृत्तपत्रातून दोन मागण्या पुढे याव्यात. एक, 1 एप्रिल 2001 च्या वेळच्या गाईडन्स व्हॅल्यूच्या याद्या प्रत्येक उपनिबंधक कार्यालयाने भागवार, सहज वाचता येतील अशा स्वरूपात लोकांसाठी ठेवाव्यात. दोन, महापालिका आणि नगरपालिकांनी जुन्या बांधकाम परवान्यांच्या आणि घरपट्टी वाढीच्या प्रमाणित प्रती ठरलेल्या दिवसांत द्याव्यात, कारण त्या मिळेपर्यंत सहा महिन्यांची आणि 31 जुलैची मुदत थांबून राहत नाही.

आपले,
कर सल्ला व मालमत्ता मूल्यांकन क्षेत्रातील काही वाचक, बेळगाव